फट म्हणता…

आमच्या घराचं छप्पर गळतं, मोरीतला नळ गळतो आणि घरात बोललेली कुठलीही गोष्ट दिवेलागणीच्या आत काली पुतली चौकातल्या पानठेल्यावर झिरपलेली असते. 1956 साली राज्यांच्या सीमा आखल्या तेव्हा बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि हाकेच्या अंतरावरचं गोंदिया पलीकडे गेलं. पण त्या रेषेच्या सांध्यात कोणी काही भरलं नसल्यामुळे मराठी अजून इकडे पाझरतेच आहे. थोडक्यात, गळतीशी आमचं जुनं नातं. छपराला आम्ही कधी औषध लावलं नाही. जिथे गळेल तिथे बादली ठेवायची आणि जिचं लक्ष जाईल तिने ती ओतायची, असा घरचा नियम. या नियमात पुरुषांचा उल्लेखच नाही, असं सौ. म्हणाली तेव्हा मी पेपर वाचत होतो.

अशा घरात यंदाच्या पावसाळ्यात एक वस्तू अशी तयार झाली, की जिच्यातून थेंब आत जाणार नाही की बाहेर येणार नाही. ती सापासाठी होती.

साप भाच्याचा. बॉल पायथन म्हणतात त्याला, आफ्रिकेतला अजगर. अजगर म्हटलं की छातीत धस्स होतं, पण हा त्या घराण्यातला धाकटा. पूर्ण वाढूनही चार-पाच फुटांच्या पुढे सहसा जात नाही. भीती वाटली की अंगाचा चेंडू करतो आणि डोकं मधोमध लपवून बसतो. विजेचं बिल आलं की मीही साधारण हेच करतो, त्यामुळे मला त्याच्याबद्दल न पाहताच आपुलकी वाटली. भाचा नागपुरात शिकत होता, आता पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला निघाला. अजगर बरोबर नेता येईना. ताईचा फोन आला, "तू मामा आहेस." एवढंच. यापुढे मराठी घरात वाद संपतो.

"ताई स्वतः का नाही ठेवून घेत?" सौ.ने विचारलं.

"तिला भीती वाटते."

"आणि मला?"

ताईने याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं.

मी कायद्याच्या आडोशाला गेलो. आपल्याकडचा साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग ती गरीब बिचारी धामण का असेना. मी हे भाच्याला जरा आनंदानेच सांगितलं. तो म्हणाला, "मामा, हा इथला नाही. कायद्यात 2022 ला दुरुस्ती झाली, 2024 च्या फेब्रुवारीत नियम आले. अशा परदेशी प्राण्याची 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. माझी आहे. आता तुझ्या नावावर करायची." मालक बदलला तर कळवायचं, पिल्लं झाली तर कळवायचं, प्राणी मेला तर तेही कळवायचं. त्या अजगराचे कागद पाहून मला न्यूनगंड आला. माझं आडनाव आधार कार्डावर ऱ्हस्व आहे, खसऱ्यावर दीर्घ आहे आणि मतदार यादीत मी स्त्री आहे.

"कागद होईपर्यंत तू पेटी करून ठेव," भाचा म्हणाला. "चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. प्लायवूडची. समोर सरकती काच. आणि मामा, आतून नीट सील कर. तेवढंच महत्त्वाचं आहे. बाकी सोपं आहे."

ज्या कामाबद्दल कोणी 'बाकी सोपं आहे' म्हणतं, ते काम मी आयुष्यभर टाळत आलो आहे.

सील कशाला, हे त्याने फोनवर समजावलं. या अजगराला हवेत साठ टक्क्यांच्या आसपास ओल लागते. उघडं प्लायवूड ती ओल पितं, फुगतं, त्याचे पापुद्रे सुटतात. सांध्यात घाण जाऊन बसते, तिथे गोचिडीच्या जातीचे बारीक किडे घर करतात. आणि जिथे डोकं जातं तिथून अख्खा साप जातो, त्यामुळे फट ठेवायचीच नाही. मी विचारलं, "तो आफ्रिकेत कुठे राहतो?" म्हणाला, "वाळवीच्या जुन्या वारुळात, नाहीतर उंदरांच्या बिळात." म्हणजे तिकडे याला बीळ चालतं, इकडे वॉटरप्रूफ फ्लॅट हवा. माणसाची मुलंही नोकरीला शहरात गेली की अशीच होतात.

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी माप घेतलं, कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, "कितना चावल आएगा इसमें?" आमच्याकडे चिन्नोर तांदूळ पिकतो, त्याला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे बालाघाटात पेटी म्हटली की आधी तांदूळच आठवतो. मी म्हणालो, "चावल नहीं, साँप।" टेप खटकन आत गेली.

"साँप? किसका?"

"भांजे का।"

मिस्त्रींनी क्षणभर विचार केला आणि टेप परत बाहेर काढली. "भांजे का है तो बनाना पड़ेगा।" इकडे भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. भाच्याच्या सापाचं पुराणात काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

प्लायवूडच्या दुकानात मला कळलं की लाकडातही जाती असतात. एक साधं, एक उकळत्या पाण्यात टिकणारं आणि सगळ्यांत वर मरीन, ज्यावर आयएस 710 असा शिक्का असतो. मी मरीन मागितलं. दुकानदाराने चष्मा वर केला. "जहाज बना रहे हो क्या?" बालाघाटहून समुद्र कुठल्याही दिशेला इतका दूर आहे की प्रश्न रास्तच होता. त्या प्लायच्या किमतीत आमच्या छपराची दुरुस्ती झाली असती, असं सौ. म्हणाली. पण छप्पर भाच्याचं नव्हतं.

पेटी उभी राहिली आणि मग सुरू झाला खरा प्रकार. भारतात पेटी बनवणारे थोडे, पण तिचे सांधे कशाने बुजवावेत हे माहीत नसलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे.

मिस्त्रींचं मत, फेव्हिकॉलमध्ये लाकडाचा भुसा कालवून भरायचा. "मेरे बाप ने भी यही भरा, उनके बाप ने भी।" आजोबांच्या काळी फेव्हिकॉल होता का, हे मी विचारलं नाही. मिस्त्री दुखावले की दोन आठवडे येत नाहीत.

शेजारचे काका भरवेलीच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झालेले. जमिनीखाली खोल उतरून आयुष्य काढलेला माणूस, त्यांना पेटीचे सांधे म्हणजे बालवाडी वाटली. त्यांनी वाकून आत पाहिलं आणि सांगितलं, "पाणी कुणाच्या बापाला अडवता येत नाही. ते येतंच. पंप बसव." मी म्हटलं, "काका, पेटी दोन फुटांची आहे." ते म्हणाले, "मग लहान पंप बसव."

एक दूरचे मेहुणे लाखेचा धंदा करतात. पळस आणि कुसुमाच्या झाडांवर आमच्याकडे लाख होते, आणि तिची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला लावली की आरशासारखी चमक येते. "जहर नहीं, केमिकल नहीं, गोली पर भी यही चढ़ता है," ते म्हणाले. मला पटत आलं होतं. पण लाख ओलीने पांढरी पडते आणि तापली की मऊ होते, आणि पेटीत तर उबेसाठी दिवा लावायचा होता. भिंतींना लाख आणि आत जळता दिवा! वारणावतात पुरोचनालादेखील इतकी सोय नव्हती. पांडव निदान भुयारातून निसटले. आमच्याकडे भुयाराला जागाच ठेवायची नाही, असं ठरलं होतं.

आईने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कायले लागते बापा इतके पैसे? शेण आणून देतो मी. एका सकाळी सारवून होते." धानाच्या कणग्या तिने जन्मभर अशाच लिंपल्या. बांबूचा तट्ट्या, त्यावर शेणमातीचा हात, आणि आत पोतीच्या पोती धान वर्षभर कोरडं. त्या कणगीला ना आयएस क्रमांक होता ना हमीपत्र. "गारुड्याची टोपली पाह्यली नाही का? शेणानंच सारवते तो." मुद्दा बिनतोड होता. पण शेणाचं सारवण दर काही दिवसांनी नव्याने करावं लागतं, आणि ते करताना अजगराला कुठे बसवायचं, यावर आई म्हणाली, "तुह्या मांडीवर."

रात्री मी फोनवर वाचत बसलो. हेतू एकच, या कामातून सुटका होईल असा कुठला तरी दाखला मिळतो का ते पाहायचं. मिळाला! चेन्नईजवळ इरुळा लोकांची सापपकड्यांची सहकारी सोसायटी आहे, 1978 पासूनची. देशात सर्पदंशावरचं औषध करायला लागणारं बरंचसं विष तिथून येतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, सगळे अस्सल जहरी. ते कशात ठेवतात? मातीच्या मडक्यात. तोंडाला सुती फडकं बांधायचं, दोरी आवळायची, झालं. आपल्या सांगलीकडे बत्तीस शिराळ्यातही नागपंचमीचे नाग पूर्वी मडक्यातच ठेवत, कोर्टाने ते बंद करेपर्यंत. मी अत्यानंदाने भाच्याला फोन लावला. "अरे, मडकं चालतं!"

"मामा, ते साप पाहुणे असतात. थोडे दिवस ठेवतात, विष काढतात, जंगलात सोडतात. आपला राहायला येतोय."

"किती दिवस?"

"वीस वर्षं तर धरच. तीसही जगतो."

मी माझं वय मांडून पाहिलं. मग फोन सौ.कडे दिला. ती माझ्यापेक्षा लहान आहे.

पुण्याच्या नीलिमकुमार खैऱ्यांनी 1980 साली काचेच्या खोलीत बहात्तर विषारी सापांसोबत बहात्तर तास काढले होते. पुढे 1986 मध्ये कात्रजचं सर्पोद्यान त्यांनीच उभं केलं. मी हे सौ.ला वाचून दाखवलं, धीर यावा म्हणून. ती म्हणाली, "खोली काचेची होती ना? मग फटी आधीच बुजवल्या असतील. इथे अजून तुमचा मिस्त्री भुसा कालवतोय."

शेवटी भाच्याचंच खरं झालं. भिंतींना पाण्यात मिसळणारा पॉलीयुरेथेनचा हात आणि सांध्यांना मत्स्यालयाचं सिलिकॉन. मत्स्यालयाचंच, बाथरूमचं नको, कारण बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारायचं औषध असतं आणि ते प्राण्याला बाधतं. इथवर सगळं शास्त्रशुद्ध होतं. पण या दोन पदार्थांचं आपसात जमत नाही. पॉलीयुरेथेन वाळायला कोरडी हवा लागते. सिलिकॉन याच्या उलटं, ते हवेतली ओल शोषूनच घट्ट होतं. म्हणजे एकाच पेटीत एकाला ऊन पाहिजे आणि दुसऱ्याला पाऊस. घरात सासू-सून आणि एक पंखा असला तर साधारण असंच असतं, फक्त तिथे पेटी बाहेरून बंद करता येत नाही.

यात क्रम फार महत्त्वाचा. आधी भिंतींचा हात, तो पूर्ण वाळल्यावर सांध्याला सिलिकॉन, कारण सिलिकॉनवर जगातला कुठलाही रंग बसत नाही. भाच्याने हे कळवलं होतं. पण मिस्त्रींच्या हातात सिलिकॉनची बंदूक आली आणि त्यांच्या डोळ्यांत असं काही तेज चढलं की संदेश वाचून दाखवेपर्यंत बाराही सांधे भरून झाले होते. बंदूक रिकामी झाली नव्हती म्हणून त्यांनी आमच्या खिडकीची एक फटही बुजवली. ती खिडकी आता उघडत नाही. मग सांध्याशेजारी पॉलीयुरेथेन लावलं, ते अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन बाजूला सरकलं. ब्लेडने सगळं सिलिकॉन खरवडा, घासा, पुसा, पुन्हा पहिल्यापासून. मिस्त्री म्हणाले, "अब हाथ बैठ गया।"

सिलिकॉन वाळताना व्हिनेगरचा आंबट वास सुटतो. तीन खोल्यांत दरवळला. आईने लोणच्याच्या सगळ्या बरण्या उघडून पाहिल्या आणि खराब कुठली ते कळेना म्हणून खिडकीत ओळीने मांडल्या, त्याच खिडकीत, जी उघडत नाही. सांधा गुळगुळीत व्हावा म्हणून मी तो अंगठ्याने दाबत गेलो होतो. दुसऱ्या दिवशी रेशन दुकानातल्या यंत्राने माझा अंगठा नाकारला. डावा ठेवला, तोही नाकारला. मागून कोणी तरी म्हणालं, "गुरुजी, आपका तो निशान ही मिट गया।" रांगेत हशा पिकला. मी सिलिकॉनच्या रसायनशास्त्राने स्पष्टीकरण द्यायला सुरुवात केली, तेव्हा रांग आपोआप पुढे सरकली.

एवढं सगळं बंद केल्यावर भाच्याचा संदेश आला: "आता हवेसाठी दोन्ही बाजूंना भोकं पाडायची. आणि वायरसाठी एक." मी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी ड्रिल खाली ठेवली आणि खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. "भैया, पहले बंद कराया। अब खोल रहे हो। एक बार भांजे से पूछ लो, उसको चाहिए क्या।" भोकं पाडली, त्यांना जाळी लावली, जाळीच्या कडेला पुन्हा सिलिकॉन. त्या जाळीतून पहिल्याच रात्री एक पाल आत शिरली आणि पुठ्ठ्याच्या तुकड्याखाली मुक्काम करून राहिली. परिवेशवर तिची नोंद नव्हती.

पेटी एक वेळ बंद झाली, बातमी मात्र पहिल्या दिवसापासून गळत होती. पानठेल्यावर साप पाच फुटांचा होता. हनुमान चौकात आठ फुटांचा झाला. बस स्टँडपर्यंत पोचता पोचता बारा, आणि वारासिवनीला सौ.च्या माहेरी तो पोचला तेव्हा त्याने एक बकरी गिळली होती. सासऱ्यांचा फोन आला, बकरी कुणाची होती ते विचारायला. सिलिंडरवाला सिलिंडर फाटकाबाहेर ठेवून हाक मारून पळू लागला. दूधवाला भांडं काठीच्या टोकाला लावून पुढे करी. उलट फायदेही झाले. साखर उसनी न्यायला येणाऱ्या शेजारीण बाई यायच्या थांबल्या. वर्गणीवाले बाहेरूनच नमस्कार करून गेले. आईला अजगर आवडू लागला होता.

एक दिवस जंगल खात्याचा कर्मचारी आला. बातमीची खातरजमा करायला. जिल्ह्यात कान्हाचं मुक्की गेट असल्यावर त्यांना हत्ती-वाघाची कामं कमी नसतात, तरी आला. मी कागद दाखवले. त्याने ते नीट वाचले, मग पेटीजवळ उकिडवा बसला.

"जानवर कहाँ है?"

"नागपुर में।"

"अच्छा।" तो उठला नाही. नखाने सांधा दाबून पाहिला, मोबाइलचा दिवा कोपऱ्यात मारला. मी श्वास रोखून उभा. बऱ्याच वेळाने म्हणाला, "इस कोने में थोड़ा और भरो।"

आईला या सगळ्यावर परीक्षित राजाची गोष्ट आठवत असे. तक्षकाच्या भयाने राजाने एका खांबावर महाल बांधून घेतला. खाली पहारे, वर वैद्य, मांत्रिक, मुंगी शिरणार नाही असा बंदोबस्त. तक्षक फळातला किडा होऊन आत गेला. "त्याले आत येताना कोणी थांबवलं नाही, तू बाहेर जाताना कसा थांबवतं?" आई विचारायची. खांबाखाली मरीन प्लाय होतं का, हा माझा प्रश्न ती ऐकायची नाही.

श्रावणात नागपंचमी आली. पेटी रिकामी, वाळलेली, चकचकीत. सकाळीच फाटकाशी गल्लीतल्या बायका, हातात ताटं, लाह्या, हळद-कुंकू, तांब्यात दूध. साखरवाल्या शेजारीण बाई सगळ्यांत पुढे. सौ.ने सांगितलं, "अहो, साप नाहीये अजून." बाई म्हणाल्या, "जागा तर नागोबाचीच ना?" यावर सौ. काय बोलणार? मी पुढे होऊन सापाला दूध पचत नाही, तो ते पीतही नाही, हे शास्त्र सांगायला लागलो. तेवढ्यात पहिला तांब्या रिता झाला होता. मग दुसरा. मग मागच्या गल्लीतून ज्यांना उशीर झाला त्या आल्या. कोणी पेटीच्या भिंतीवर हळदीने नाग काढला. पॉलीयुरेथेनवर हळद बसते, हे कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं.

दुपारी घर शांत झालं तेव्हा पेटीच्या तळाशी चार बोटं दूध, त्यावर लाह्या तरंगताहेत, आणि पाल उंच भिंतीवर चढून बसली आहे, असं दृश्य होतं. मी मिस्त्रींना बोलावलं. ते पेटीभोवती एक प्रदक्षिणा घालून गुडघ्यावर बसले, खालून हात फिरवला, हात वर करून सगळ्यांना दाखवला. कोरडा ठणठणीत! "एक बूँद नहीं," ते म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. "पूरे बालाघाट में ऐसा काम नहीं है।" त्यांनी फोटो काढला, मग माझ्यासकट काढला.

"आता हे काढायचं कसं?" सौ.ने विचारलं.

पेटी कलंडवायची तर पुढच्या काचेच्या चौकटीची पट्टी आडवी येते, आणि मरीन प्लाय इतकं जड की तिला हलवायला चार माणसं हवीत. सौ.ने एक वाटी आणि एक फडकं माझ्यापुढे ठेवलं. मी उपसायला बसलो. वाटी कोपऱ्यात जात नव्हती, कारण त्या कोपऱ्यात जंगल खात्याच्या सूचनेवरून सिलिकॉन जास्त भरलं होतं. दूध आंबायला लागलं होतं. आईने पुन्हा एकदा लोणच्याच्या बरण्या उघडल्या. शेजारचे काका कुंपणावरून सगळं पाहत होते. "मी म्हणालो होतो ना, पंप," ते म्हणाले, आणि घरातून खरोखरच कूलरचा छोटा पंप घेऊन आले. तो लाह्यांनी तुंबला.

मग सभा भरली. काका, मिस्त्री, लाखेवाले मेहुणे, रस्त्याने जाणारे दोघे. सर्वानुमते ठरलं की तळाला एक भोक पाडायचं, खाली नळी जोडायची. भोक कुठे, यावर दोन तट पडले. मिस्त्रींनी पेन्सिलने तळाला दोन ठिकाणी फुल्या मारल्या आणि ड्रिलची वायर बोर्डात खुपसली.

त्याच वेळी भाच्याचा फोन. "मामा, कागद झाले! रविवारी घेऊन येतो. पेटी एकदम सील आहे ना? कुठे काही राहिलं नाही ना?"

"अरे, थेंब जात नाही," मी म्हणालो. "आजच तपासून पाहिलं. पाण्याने नाही, दुधाने."

"वा, मामा! पण हा घरघर आवाज कसला येतोय?"

"शेजारी काम चाललंय," मी म्हणालो.